माणसं घटली, शहर वाढलं : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले, की आमच्या कोकणातल्या वाडीत पाच वर्षांत अकरा नवी घरं झाली आणि त्यातल्या नऊंना मे महिना नि थर्टीफर्स्ट सोडला तर कायम कुलूप असतं. झालं. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॅप मेसेज आलेत की मोहोराचे, वीजबिलाचे वगैरे प्रश्न सरळ पुढच्या महिन्यावर ढकललेत, रागावू नका. नावं कुणाचीच छापत नाहीये. गाव लहान असतं आणि प्लॉट विकणारा बहुतेक वेळा आपलाच चुलता असतो.

आमची वाडी उतारावर आहे. वरच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) दोन वर्षांपूर्वी चौदा बंगल्यांची स्कीम झाली. यंदा एप्रिलपासून विहिरीच्या पाण्याला वास येतोय. पंचायतीत विचारलं तर म्हणाले त्यांच्या सेप्टिक टँक आहेत, प्लॅन पास आहे, तुमची विहीरच जुनी आहे. सासूबाई म्हणतात आम्ही पन्नास वर्षं हेच पाणी प्यायलो. काय करू? (एक गृहिणी, गुहागर तालुका)

ताई, आधी आजपासून पाणी उकळून प्यायला लागा, बाकीचं नंतर. आणि घरात तान्हं मूल असेल तर त्याला हे पाणी उकळूनसुद्धा देऊ नका, दुसरीकडून आणा. उकळून जंतू मरतात, पण मैल्याबरोबर नायट्रेट आलं असेल तर ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की घट्ट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्याचा खरंच धोका असतो. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही आपल्याकडची मर्यादा आहे.

आता सासूबाईंचं. त्या खोटं बोलत नाहीयेत. त्यांनी पन्नास वर्षं सड्याचंच पाणी प्यायलं, फक्त तेव्हा सड्यावर गुरं चरायची, चौदा बंगल्यांचे चाळीस कमोड नव्हते. जांभा चिरा फोडून बघा कधी, आत नुसती भोकंच भोकं. पावसाचं पाणी त्या भोकांतून नि फटींतून खाली मुरतं, खाली चिकण मातीचा थर लागला की आडवं सरकतं आणि उताराच्या वाडीत झऱ्याला नाहीतर विहिरीला फुटतं. म्हणजे तुमच्या विहिरीची टाकी म्हणाल तर ती वरचा सडाच आहे. जिथून गोडं पाणी येतं त्याच वाटेने बाकीचंही येणार, वाट काय विचारत नाही तू कोण म्हणून.

सेप्टिक टँकबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे की तिच्यात पाणी शुद्ध होतं. टाकीत जड घाण खाली बसते, थोडी कुजते आणि वरचं पाणी तसंच पुढे शोषखड्ड्यात जातं. टाकी नीट बांधलेली असेल तरी हे असं. नीट नसेल तर विचारूच नका. माझी तीस वर्षं बांधकामाचे नकाशे काढण्यात गेली, एकदा अशाच एका साइटवर मी झाकण उघडायला लावलं तर खाली कोबा नाही, आतून गिलावा नाही, नुसते चिरे सुके रचलेले. गवंडी मला अगदी अभिमानाने सांगतो, "मॅडम, अशी बांधली ना की कधी भरतच नाही, उपसायची गाडीच बोलवावी लागत नाही." बरोबर आहे त्याचं. भरत नाही कारण गळते. आणि कागदावर तिचं नाव सेप्टिक टँकच.

विहिरीपासून पन्नास फूट लांब हा जो गवंड्यांचा हिशोब आहे तो मातीच्या जमिनीत एकवेळ ठीक, माती गाळून घेते. फटींच्या कातळात पन्नास फूट म्हणजे काहीच नाही. आणि एप्रिल-मे मध्येच वास का, तर विहीर तळाला गेलेली असते, घाण पातळ व्हायला पाणीच नसतं आणि नेमके तेव्हाच बंगले सुट्टीच्या पाहुण्यांनी फुल्ल.

तर करायचं काय. वासाची तक्रार करू नका, वास हवेत जातो, रिपोर्ट हातात राहतो. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं ट्रेनिंग नि किट द्यायचं ठरलेलं आहे, तुमच्या गावात त्या कोण आहेत ते विचारा. त्यात एक बाटली असते, पाणी भरून ठेवायचं, दोन दिवसांत काळं पडलं की मैला मिसळतोय असं समजायचं. मग भूजल सर्वेक्षणच्या जिल्ह्याच्या लॅबमधून पक्का रिपोर्ट, त्याची एक कॉपी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना, आणि ग्रामसभेत एकच मागणी: पाऊस सुरू व्हायच्या आत चौदाही टाक्यांची झाकणं सगळ्यांसमोर उघडून तळ दाखवा. प्लॅन पास आहे का हे विचारूच नका. तळ आहे का ते विचारा.

मी शाळेत शिकवतो. तुम्ही लोक म्हणता कोकणात शहर घुसलं. माझ्या शाळेत नऊ मुलं आहेत हो. शहर आलं तर पोरं कुठे गेली? (एक शिक्षक, वेंगुर्ला तालुका)

गुरुजी, सगळ्या पत्रांत हाच प्रश्न मला खरा वाटला. बाकीच्या महाराष्ट्रात शहर वाढलं म्हणजे माणसं वाढली. आपल्याकडे उलटं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ ८२ हजारांनी घटली आणि तुमच्या सिंधुदुर्गाची १९ हजारांनी, आणि तेव्हाच वर रायगड १९ टक्क्यांनी फुगला. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या, तेव्हा कुणीतरी मला म्हणालं, वा, किती पुढारलेला जिल्हा! पुढारलेला कसला, पुरुष सगळे मुंबईला.

आणि आता गंमत बघा. जनगणनेत एखादं गाव शहर कधी ठरतं? वस्ती पाच हजारांच्या वर, कामावरच्या पुरुषांपैकी पंचाहत्तर टक्के शेतीबाहेरच्या कामात आणि चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं. सगळा हिशोब माणसांचा. आपल्याकडे येतंय ते शहर प्लॉटचं आहे, पेव्हर ब्लॉकचं, बोअरचं, कंपाउंडचं. ते माणसांच्या मोजणीत दिसतच नाही. मग कागदावर गाव ते गावच राहतं, एक ग्रामसेवक (त्याच्याकडेही दोन-तीन गावं), कचऱ्याची गाडी नाही, गटार नाही, आणि पाणी योजना माणशी ५५ लिटरच्या हिशोबाने आखलेली. आता एका बऱ्यापैकी व्हिलाचा स्विमिंग पूल धरा, दहा मीटर बाय पाच, दीड मीटर खोल. पाऊण लाख लिटर. पाच माणसांच्या घराला ते ५५ च्या हिशोबाने नऊ महिने पुरेल. पण मोजणीत व्हिलातली माणसं शून्य, कारण ती मुंबईत मोजली गेली.

तुमच्या नऊ पोरांत आंब्याच्या बागेतल्या नेपाळी राखणदारांची किती आहेत ते लिहा एकदा. आमच्या शाळेत तीन आहेत, मालवणी-मराठी अशी फाडफाड बोलतात की बस. शाळा त्यांच्यावर उभी आहे आणि गावात काहीजण त्यांनाच बाहेरचे म्हणतात. ज्यांच्या बंगल्याला कुलूप आहे ते मात्र "आमचे गाववाले".

अटल सेतू झाल्यापासून आमच्याकडे गुंठ्याचा भाव ऐकून चक्कर येते. सातबाऱ्यावर आम्ही चौदा नावं. दोन चुलतभाऊ विकायला निघालेत, मला विकायचं नाही, घर पण त्याच नंबरात आहे. त्यांनी परस्पर विकलं तर? मला तर वाटतं सगळे एजंट मिळून आमचा नवी मुंबईसारखा घास घेणार. (अलिबाग तालुका)

दादा, आधी कायद्याचं थोडक्यात. सामायिक जमिनीतला आपला न वाटलेला हिस्सा चुलतभाऊ विकू शकतात, त्याला तुम्ही हरकत घेतलीत तरी. पण तुमच्या राहत्या घराचा हिस्सा परक्या माणसाने घेतला तर त्याला घरात येऊन ताबा सांगता येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ बघा. आणि उद्या त्याने वाटपाचा दावा लावलाच तर घरातला तो हिस्सा कोर्टाने ठरवलेल्या किमतीला विकत घ्यायचा हक्क तुम्हाला आहे, १८९३ च्या वाटप कायद्यात कलम ४. यासाठी वकील तालुक्यातला गाठा, आणि एजंटने दिलेला वकील असेल तर त्याच्यासमोर चहासुद्धा पिऊ नका. चौदा नावांत बहिणी, आत्या किती आहेत तेही बघा. २००५ पासून मुलींना मुलांइतकाच वाटा आहे, आणि आपल्याकडे गणपतीला माहेरी आलेल्या बहिणीकडून मोदकाच्या ताटाबरोबर हक्कसोडपत्रावर सही घ्यायची पद्धत आहे, मला माहीत आहे, माझ्याकडूनही घेतली होती.

नवी मुंबईचं मात्र तुम्ही चुकीचं जोडताय. १९७० ला सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) आली, ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं, तेव्हा घेणारा एक होता आणि ज्यांची जाणार ते हजारो होते. म्हणून तर प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे गावंच्या गावं उभी राहू शकली, जानेवारी १९८४ ला जासई-दास्तानला गोळीबार झाला, पाच जण गेले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व आलं. किती जणांना नीट मिळालं हा वेगळा विषय, पण मागायला समोर कुणीतरी होतं ना. तुमच्याकडे तसं नाही. कुणी जमीन संपादन करत नाहीये, प्रत्येकजण आपापली विकतोय, एकेकटा, शेजाऱ्याला न सांगता, रात्री आठनंतर एजंटच्या गाडीत बसून. मग पुनर्वसन कुणी कुणाचं करायचं? मोर्चा कुणाच्या दारात न्यायचा, चुलतभावाच्या?

आणि विकणाऱ्यालाही मी लगेच शिव्या घालणार नाही. खारबंदिस्तीचा (खाडीचं पाणी अडवणारा) बांध फुटला, शेतात खारं पाणी शिरलं, दोन वर्षं भात नाही, पोरगा पनवेलला बारा तासांची ड्युटी करतोय, अशा माणसाला भाव ऐकून मोह नाही होणार? फक्त विकताना जाण्यायेण्याची वाट, विहिरीचा हक्क आणि पऱ्याचं (ओढ्याचं) पाणी खरेदीखतात लिहून घ्या. नंतर ह्याच तीन गोष्टींवरून भांडणं होतात, दर वेळी.

दापोलीजवळ पाच गुंठे सी-फेसिंग घेतोय, शेतजमीन आहे पण एजंट म्हणतो सहा महिन्यांत एनए (बिगरशेती) होईल. घेऊ का? (डोंबिवली)

नको.

बरं, कारण सांगते. शेतजमीन घ्यायला आधी तुम्ही शेतकरी असायला हवं, कूळकायद्याचं कलम ६३. दुसरं, पाच गुंठ्यांचा वेगळा तुकडा पाडताना तुकडेबंदी आड येते, मग हे लोक दहा जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर चढवतात आणि तुमचा "प्लॉट" फक्त त्यांच्या रंगीत ब्रोशरमध्ये असतो. (आणि मग दहा वर्षांनी तुमची मुलं वरच्या अलिबागवाल्या दादांसारखं पत्र लिहितात.) तिसरं, प्लॉटिंगची एकूण जागा ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर महारेरा नंबर लागतो, तो मागा, एजंटचा चेहरा बघा.

आणि सी-फेसिंगचं. २०१९ च्या सीआरझेडमध्ये (किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांत) ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून फक्त ५० मीटर मोकळं सोडायची सूट आहे ती दाट वस्तीच्या गावांना, चौरस किलोमीटरला २१६१ माणसांच्या वर. अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याची सरासरी १९७ होती. दाट वस्तीची कोळीवाड्यासारखी गावं सोडली तर तुम्ही २०० मीटरवालेच. पायात लाटा येतील असा बंगला दाखवत असतील तर तो कागदावर बेकायदा आणि अमावास्येच्या भरतीला प्रत्यक्षातही.

२०२१ ला आमच्या दुकानात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. आता समोरच्या सखल मळ्यात भराव टाकून कॉम्प्लेक्स होतंय, म्हणतात आम्ही आठ फूट उंच केलंय, आम्हाला काही होणार नाही. (चिपळूण)

त्यांना नाही होणार, तुम्हाला होणार. वाशिष्ठीला पूर आला की पाणी पसरायला जागा लागते, मळा हीच ती जागा. तिथे आठ फूट माती टाकली म्हणजे तेवढं पाणी दुसरीकडे ढकललं, आणि दुसरीकडे म्हणजे तुमचं शटर. २२ जुलै २०२१ ला वर सह्याद्रीवर तुफान पाऊस, खाली खाडीची भरती, मधे आपण. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर दरड आली. २००५ लाही चिपळूण बुडालं होतं, म्हणजे शंभर वर्षांतून एकदा वगैरे म्हणायची सोय राहिलेली नाही.

पूररेषेच्या नकाशावर निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्याच्या आत नवीन बांधकाम बसत नाही. त्या सर्व्हे नंबरचा पूररेषेचा नकाशा आणि भरावाची परवानगी माहिती अधिकारात मागा, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवस. भराव पूर्ण व्हायच्या आत मागा, नंतर ती माती कुणी उचलत नाही. आणि हो, व्यापारी संघटनेत कॉम्प्लेक्सवाला पण मेंबर असेल तर अर्ज स्वतःच्या नावाने करा, संघटनेची मीटिंग पावसाळ्यानंतर होईल.

शिमग्याला पालखी ज्या पाणंदीने वरच्या वाडीत जाते तिथे नवीन मालकाने लोखंडी गेट बसवलंय. शेतात जायची वाट पण तीच. यंदा पालखी गेटपाशी थांबली, वॉचमन म्हणाला साहेबांना फोन करा, साहेबांचा फोन लागेना. शेवटी लांबून रस्त्याने नेली. म्हातारी माणसं रडली अक्षरशः. (संगमेश्वर तालुका)

वाचून माझ्याही पोटात ढवळलं. ज्या वाटेवरून देव दरवर्षी घराघरात येतो ती वाट कुणाच्या मालकीची असते असं आपल्याकडे कधी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, म्हणून ती कुठे लिहिलेली पण नसते.

घाई करा. शेताची वाट अडवली तर तहसीलदाराकडे मामलेदार कोर्ट कायदा १९०६ च्या कलम ५ खाली दावा टाकता येतो, पण वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शिमगा होऊन किती दिवस झाले ते नको, गेट कधी बसलं ते मोजा. भूमी अभिलेखमधून गावनकाशाची नक्कल काढा, पाणंद त्यावर दिसत असेल तर अर्धं काम झालं. अर्जात शेतीची वाट, गुरांची वाट असं लिहा, पालखीचं दुःख तहसीलदाराला तोंडी सांगा. तोही कुठल्यातरी गावचा असेलच.

आणि दाव्याच्या आधी एकदा त्या साहेबांना भेटून बघा. मी पाहिलेल्या अशा दोन प्रकरणांत मालकाला पालखी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, जमीन दाखवताना एजंटने "मागून एक पायवाट आहे, बंद करून टाका" एवढंच सांगितलेलं. एकाने तर पुढच्या वर्षी गेट सताड उघडं ठेवून दारात रांगोळी काढली होती. दुसरा अजून कोर्टात आहे.

माझा जेसीबी आहे, लोनवर घेतलाय. बायको होमस्टे चालवते. तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीला विरोध करता. बंगले बंद झाले तर माझा हप्ता तुम्ही भरणार का? आम्ही पण मुंबईला जाऊन दहा बाय दहात राहायचं का? (लांजा)

नाही भरणार, आणि नाही, मुंबईला जाऊ नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गावात राहून हप्ता भरणारा पस्तीस वर्षांचा माणूस आहे हीच मला मोठी गोष्ट वाटते, आणि होमस्टेला मी कुलूपवाल्या बंगल्यांत धरतच नाही. तिथे वहिनी रोज चूल पेटवतात, विहीर आटली तर पहिली झळ त्यांनाच. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण सुरू झाली तेव्हाही म्हणायचे की आता तरुण परत येतील. गाडीत बसून गेलेच जास्त. तुम्ही राहिलात.

फक्त एक सांगते, बघा पटतंय का. सडा सपाट करायला बोलावलं की आधी पाणी कुठून वाहतं ते बघा, तुम्हाला ते इंजिनिअरपेक्षा चांगलं कळतं. पऱ्या बुजवू नका, बाजूला चर काढायचा वेगळा रेट लावा, बिनधास्त लावा, मालक देतो.

आणि विरोधाचं म्हणाल तर मी कसली शहाणी. चार वर्षांपूर्वी मीच अंगणातली सारवलेली जमीन उखडून पेव्हर ब्लॉक घातले, दरवर्षी कोण खळं करणार म्हणून. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस धरला तर एका गुंठ्यावर तीन लाख लिटर पाणी पडतं, हा हिशोब मी लोकांना तोंडपाठ सांगायचे, स्वतःच्या अंगणाला लावला नाही. पहिल्याच जुलैत सगळं पाणी शेजारच्या वहिनींच्या गोठ्यात. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त म्हशीला घेऊन आमच्या पडवीत येऊन उभ्या राहिल्या. गेल्या दिवाळीत अर्ध्या अंगणातले ब्लॉक काढले, तुमच्यासारख्याच एका जेसीबीवाल्याने काढून दिले. मागच्या पडवीला रचून ठेवलेत, साडेचारशे चौरस फूट भरतील, वहिनींना होमस्टेच्या न्हाणीसमोर चिखल होत असेल तर घेऊन जा, गाडी तेवढी तुमची आणा.